चांपादहावर तेल

गोदामाच्या दारातून पहिला डबा बाहेर आला, तेव्हा सुलेखा गिरणीच्या गच्चीच्या कठड्याशी बसून पदर पिळत होती. डबा भरलेला होता. तोंडाला कथलाचा डाग दिलेला, अंगावर शंखाचा छाप. वरचा पत्रा तेवढा बोटभर पाण्याबाहेर ठेवून तो आला, चौकटीला हलकेच टेकला, गर्रकन फिरला आणि अंगणात निघाला. त्याच्यामागून आणखी एक. मग दिव्याच्या छापाचा एक. मग शंख आणि दिवा एकमेकांना घासत. गोठ्याचं दार उघडं राहावं आणि गुरं आपापली बाहेर पडावीत, तशी डब्यांची रांगच लागली.

"अहो," तिनं नवऱ्याला हाक मारली. "जरा इकडे या."

परितोष आला आणि तिच्याशेजारी उभा राहिला.

"रिकामे असतील," सुलेखा म्हणाली.

"रिकामे कसले. पाणी चढायच्या आदल्या दिवशी मीच डाग दिलेत त्यांना." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तेल पाण्यावर तरंगतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं गं. पण आख्खा डबा, पत्र्यासकट... पन्नास वर्षं तेलात घातली आणि हे कधी डोक्यात आलं नाही."

शंखाचा छाप परितोषचा, दिव्याचा त्याच्या थोरल्या भावाचा, भवतोषचा. वडिलांच्या मागे गिरणी वाटली गेली तेव्हा अंगणात भिंत घातली गेली आणि गोदामातही विटांचा आडोसा उभा राहिला. परितोषनं आपल्या बाजूला कोलकात्याहून लोखंडी मशीन आणून बसवलं. भवतोषनं आपल्या बाजूला शिरीषाच्या लाकडाचा घाणा तसाच ठेवला, फक्त बैलाच्या जागी मोटर जोडली. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते आणि दोघांच्या बायकाही. आता नदी घरात शिरली होती. अंगणातली भिंत पहिल्याच रात्री बसली. गोदामातला आडोसा बहुधा आज पहाटे. मातीची दोन्ही घरं कौलांपर्यंत बुडाली होती आणि अख्ख्या तेलीपाड्यात शाबूत होती ती एवढी एक सिमेंटची गच्ची. तिची वाटणी करायची राहून गेली होती.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला भवतोष गराई छत्री उघडून बसला होता. पाऊस थांबला होता तरी छत्री उघडीच होती. डबे दिसले तसा तोही उठला. साठी ओलांडलेला, आडव्या हाडाचा माणूस. दीनबंधू आजोबांनी घाणा पुरला तेव्हापासून या घरातून मापाशिवाय तेल बाहेर गेलं नव्हतं, आणि आता ते न मोजता, न विचारता, रांगेनं चाललं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकल्यावर माणूस जसा गप्प होतो, तसा तो गप्प उभा होता.

"निभा," शेवटी तो बायकोला म्हणाला, "तुझ्या धाकट्या दिराला सांग, दोर घेऊन खाली उतर म्हणावं. जेवढे हाताला लागतील तेवढे बांधून ठेवू."

धाकटा दीर दहा हातांवर उभा होता आणि त्याला सगळं ऐकू आलं होतं. निभाराणीनं निरोप दिला नाही. ती ताडपत्रीखालून उठली आणि सरळ सुलेखाकडे आली. गच्ची ओलांडून अशी ती या चार दिवसांत आली नव्हती.

"सुलेखा," ती म्हणाली, "बौमाचं पोट बघ जरा. तुझ्या आईचा हात आहे तुझ्याकडे."

सुलेखाची आई बेलडांग्याला सुईण होती. सुलेखा उठली. ताडपत्रीखाली निभाची सून तनुश्री कुशीवर पडली होती. नवरा देबू माल पोचवायला कृष्णनगरला गेला तो तिथंच अडकला होता. पोरीचं पातळ ओलं होतं, आणि ते पावसानं नव्हे.

"पाणी कधी गेलं?"

"सकाळी, काकीमा. मला वाटलं, अजून वेळ आहे ना."

सुलेखानं दोन्ही तळवे तिच्या पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. बरगड्यांखाली तिला टणक, गोल, हलतं काही लागलं. तिनं पुन्हा चाचपलं. मग पांघरूण नीट केलं आणि निभाला बाजूला घेतलं.

"डोकं वर आहे, दिदी. पाय खाली. आणि बाळ लहान नाही."

"मग?"

"मग माझ्या हातानं होणार नाही. आईनं अशी दोन बघितली होती. दोन्ही वेळा तिनं दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपून घेतली."

बैलगाडी जुंपून जायला आता रस्ता नव्हता. काल तांदूळ टाकून गेलेली बचावाची होडी आज फिरकली नव्हती. होडीवाल्यांनी एवढं सांगितलं होतं की लालगोला लाइनचा भराव पाण्याबाहेर आहे, तिथं मालगाडीचे डबे उभे आहेत आणि एका डब्यात डॉक्टर बसली आहे. तो भराव गच्चीवरून दिसतही होता, आभाळाच्या कडेला ओढलेल्या काळ्या रेघेसारखा. पण मध्ये चांपादह होता. एरवी कमळांची आणि पाणकोंबड्यांची ती दलदल. आज तिला पैलतीर नव्हता, आणि वारा उठला होता.

परितोष ऐकत होता. तो वळला आणि जिन्यावरच्या खोलीतल्या माळ्याची शिडी चढू लागला. वर नव्या कोऱ्या रिकाम्या डब्यांची थप्पी होती.

"बौदी," तो वरूनच वहिनीला म्हणाला, "दादाला विचारा, कथील किती उरलंय. झाकणं लावून डाग दिले तर हे डबे बुडणार नाहीत. बांबूच्या चौकटीखाली बांधले की तराफा होतो."

भवतोषनं छत्री मिटली. डाग देण्यात त्याचा हात धाकट्यापेक्षा चांगला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेगडी पेटली, लोखंड लाल झालं आणि त्यानं पहिला डबा गुडघ्यांत धरला.

"निभा, त्याला सांग, झाकण नीट दाबून धर म्हणावं. असं धरलं तर दहात जाऊन फुस्स होईल."

"बौदी, दादाला सांगा, पंधरा वर्षं मी धरलेलंच झाकण होतं ते."

"तुम्ही दोघं हात चालवा," निभा म्हणाली. "मी काही तुमचा टेलिफोन नाही."

त्याच शेगडीच्या कडेला सुलेखानं वाटीत मोहरीचं तेल तापवलं. त्यात लसूण ठेचून टाकला, चिमूटभर कलौंजी टाकली, आणि तो झणझणीत वास गच्चीभर पसरला तसा सगळ्यांच्या छातीतला ओलावा जरा हलला. ती तनुश्रीच्या तळपायांना चोळायला बसली.

"कुठलं तेल ते?" भवतोषनं डब्यावरची नजर न उचलता विचारलं.

"शंखाचं आहे."

"मशीनमध्ये भाजून निघतं ते. झांझ कुठली, झणका कुठला असायला त्याला."

"काकीमा," तनुश्री दात आवळून म्हणाली, "पाय नुसते पेटलेत माझे."

परितोष खाली मान घालून हसला. भवतोषनं लोखंड पुन्हा शेगडीत खुपसलं.

तराफा तयार झाला. डब्यांवर बांबू, बांबूंवर पेंडीच्या पोत्यांचा थर, त्यावर तनुश्री. उरलेल्यांनी मुठी मुठी मुरमुरे खाल्ले, तेल आणि कांदा लावून, उभ्या उभ्याच. आणि निघायच्या वेळी भवतोष भरलेल्या डब्यांची माळ घेऊन आला. तरंगत निघालेले जेवढे हाताला लागले तेवढे त्यानं दोराला ओवले होते, शंख आणि दिवा जसे आले तसे, आणि दोराचं टोक तो तराफ्याच्या मागच्या बांबूला बांधू लागला.

"दादा," परितोष म्हणाला. मध्ये कुणी नव्हतं, निरोप्याही नव्हता. "ते सोड."

भवतोषच्या हातातली गाठ थांबली.

"सोडून?"

"आपण सुनेला न्यायला निघालोय, बाजाराला नाही. हे ओढत बसलो तर वेळ जाईल."

"आणि पलीकडे उतरल्यावर? भरावावर अर्धा जिल्हा बसलाय. हात हलवत जायचं? गराई कुणाच्या दारात रिकाम्या हातानं गेलेत कधी?"

"तुझा हट्ट गेला नाही अजून."

"तू बोलायला लागलास हेच पुष्कळ झालं. बस."

सुलेखाला नवऱ्याचं पटत होतं. पण थोरल्या दिरांच्या हातांकडे बघून तिला कळलं की हा लोभ नव्हे. घर गेलं, घाणा गेला, आणि एवढं एकच काही हातात धरता येण्यासारखं उरलं होतं. तिनं डोळ्यांनीच नवऱ्याला खुणावलं आणि परितोषनं बांबू पाण्यात रोवला.

गावातून जाताना पाणी संथ होतं. आंब्यांचे शेंडे, विजेच्या तारांवर ओळीनं बसलेले कावळे, ताडाच्या झावळ्यांत गुंडाळलेला एक साप. मग शेवटची बांबूची बेटं मागे पडली आणि दह उघडा झाला.

वारा पाठीमागून होता. म्हणजे तो भरावाकडेच ढकलत होता, पण लाटाही तो मागूनच आणत होता. आधी त्या बुटक्या होत्या. दहाच्या मध्यावर आल्यावर त्यांना फेसाळ तोंडं फुटली. एक लाट तराफ्यावर चढली आणि पोती भिजवून गेली. दुसरीनं तनुश्रीला कंबरेपर्यंत झोडपलं. बांबूंच्या बांधणीतून करकर ऐकू येऊ लागली. परितोषचा बांबू तळाला पोचेना, त्यानं तो वल्ह्यासारखा आडवा मारायला सुरुवात केली. निभानं सुनेला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. सुलेखा उलटं तोंड करून बसली होती, मागच्या दिशेला, तनुश्रीची पाठ आपल्या पाठीवर पेलून धरत. त्यामुळे येणारी प्रत्येक लाट तिला दिसत होती आणि ती मोठ्यानं सांगत होती, "आली. धरा." आणि पुन्हा, "आली. धरा."

मग मागच्या माळेतले दोन डबे एका लाटेनं उचलून एकमेकांवर आपटले. पत्र्याचा आवाज झाला. एकाची शिवण उसवली.

सुलेखाला आधी वास आला. ओल्या कुबट वाऱ्यातून कच्च्या मोहरीच्या तेलाचा तिखट वास, एकदम नाकात चढणारा. मग तिला रंग दिसला, पिवळा, पाण्यावर झरझर पातळ होत पांगणारा. "डबा फुटला," ती म्हणणार होती. पुढची लाट येत होती, तिच्या डोक्यावर पांढरा फेस होता, आणि सुलेखानं "आली" म्हणायला तोंड उघडलं.

लाट तेलापाशी आली आणि तिचा फेस विरला. कुणी हात ठेवून खाली बसवावा तशी तिची धार बसली. ती आली खरी, पण तिला तोंड नव्हतं. तराफा हळूच वर उचलला गेला आणि हळूच खाली आला. पाण्याचा एक थेंब अंगावर उडाला नाही. तिच्यामागची लाटही तशीच आली. तिच्यामागचीही.

सुलेखा काही बोलली नाही, म्हणून निभानं मान वळवली. मग परितोषनं. वल्हं हातातच राहिलं. तराफ्याभोवती आणि मागे, अंगणाएवढ्या जागेत, दह तुळतुळीत झाला होता. त्या जागेच्या बाहेर दोन्ही बाजूंना लाटा उसळत होत्या, फुटत होत्या, वारा तसाच घोंघावत होता. आत मात्र आवाजच नव्हता. इतका वेळ डब्यांवर बसणारे थपडांचे आवाज थांबले तेव्हा तनुश्रीचा श्वास सगळ्यांना ऐकू आला.

"काय झालं?" तनुश्रीनं विचारलं. "पोचलो का?"

"नाही गं," निभा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पडून राहा."

भवतोष गुडघ्यांवर बसून त्या पाण्याकडे बघत होता. त्या तेलावर त्याचा जन्म गेला होता. त्यानं ते भाजीत खाल्लं होतं, अंगाला चोळलं होतं, दिव्यात घातलं होतं, यंत्राच्या चाकांना पाजलं होतं, सर्दी झाली की नाकात सोडलं होतं. लोकांना ते पावशेरानं मोजून देता देता केस पिकले होते. आणि ते वादळाला असं निजवू शकतं हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यानं हात पुढे करून पाण्याला बोटं लावली, घाबरत लावावीत तशी.

"दादा," परितोष हळूच म्हणाला, "पातळ होतंय ते. मागे बघ."

मागच्या कडेला तेल फाटत चाललं होतं, आणि त्या फटीतून फेस पुन्हा डोकावत होता.

भवतोषनं कमरेची छिन्नी काढली. दोर हात हात करत ओढला. पहिला डबा हाताला आला तो दिव्याचा होता. त्यानं त्याच्यावर छिन्नी टेकवली आणि क्षणभर थांबला, आणि सुलेखाला वाटलं की या माणसाच्या हातून हे होणार नाही. मग त्यानं तळहातानं छिन्नीवर ठोका मारला.

"भोक लहान पाड," परितोष म्हणाला. "एकदम नको जायला. धारेनं जाऊ दे."

"तेल ओतायला तू शिकव मला आता."

पण भोक त्यानं लहानच पाडलं. डबा पुन्हा पाण्यात सोडला तसा तो माळेत डुलत, बारीक धार सांडत मागे येऊ लागला. तो हलका झाला की दुसरा. शंख, दिवा, जो येईल तो. भवतोष छाप बघत नव्हता. त्याचे हात कोपरापर्यंत तेलानं माखले होते आणि छिन्नी निसटत होती, तशी निभानं आपला पदर फाडून त्याच्या मुठीला गुंडाळला. परितोष वल्हं मारत होता. आणि त्या पाचांभोवती ती गुळगुळीत जागा त्यांच्याबरोबर पुढे सरकत होती. एक मासा तिच्यात उसळला आणि त्याची वलयं कितीतरी लांब, न मोडता, पसरत गेली.

भरावावरच्या लोकांनी ते दुरून पाहिलं होतं. तराफा जवळ आला तेव्हा शेकडो माणसं रुळांवर उभी होती आणि कुणी ओरडत नव्हतं. छातीएवढ्या पाण्यात उतरून तरुणांनी बांबू धरले. एका म्हाताऱ्यानं पाण्यात बुडवलेला हात नाकाशी नेला आणि मग तोच हात कपाळाला लावला. तनुश्रीला पोत्यासकट उचललं तेव्हा सुलेखाच्या हाताला, लुगड्याखाली, एक इवलंसं पाऊल लागलं.

डॉक्टरबाई तरुण होती, तिचे डोळे जागरणानं तांबारले होते. "आत एकच जण," ती म्हणाली. निभा आत गेली. मालगाडीच्या डब्याचं दार ओढलं गेलं.

बाहेर खडीवर दोन्ही भाऊ बसले. सुलेखा दाराला टेकून उभी राहिली. दुपार कलली होती, ढग फाटून ऊन आलं होतं, आणि त्या उन्हात चांपादहावर त्यांची वाट अजून दिसत होती. बुडालेल्या गावापासून भरावापर्यंत, सगळ्या खवळलेल्या पाण्यातून, एक रुंद, निवांत, चकाकणारी पट्टी. वारा तिला हळूहळू बाजूला सरकवत होता, पण मोडत नव्हता. भरावावरची माणसं अजून तिच्याकडेच बघत होती.

"आधी कुणाचं संपलं?" भवतोषनं विचारलं. "तुझं का माझं?"

"बघितलं नाही मी."

"मीही नाही."

बराच वेळ गेला. आतून तनुश्रीचा आवाज येत होता, मग तोही थांबला. सुलेखानं दाराचा गार पत्रा मुठीत धरला.

"झांझ होती तुझ्या तेलाला," भवतोष म्हणाला. तो भावाकडे बघत नव्हता. "शंखाचा डबा फोडला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"दिव्याचा फोडलास तेव्हा माझ्याही आलं," परितोष म्हणाला.

आत काहीतरी थोपटल्याचा आवाज झाला. पुन्हा झाला. सुलेखा आपल्या आईच्या घरी वाढली होती, तिला त्या थोपटण्याचा अर्थ माहीत होता. तिनं डोळे मिटले. तिसऱ्यांदा थोपटल्यावर एक चिरका, रागावलेला, लहानसा आवाज उठला आणि तो थांबेचना. खडीवर बसलेली परकी माणसं एकदम बोलायला लागली.

दार सरकलं. निभा उभी होती, हातात कुणाच्या तरी लुंगीत गुंडाळलेलं बाळ. "मुलगी," ती म्हणाली. "तनू बरी आहे. टाके घालताहेत." मग सवयीनं तिनं नवऱ्याकडे हात पुढे केला. "गार पडलीये पोर. तेल द्या जरासं."

भवतोषनं माळेकडे पाहिलं. दोराला लोंबणारे डबे तळापर्यंत रिकामे होते. परितोषनं एक उचलून उपडा धरला, त्यातून पाणी गळलं. गराईंच्या घरात मूल जन्माला आलं होतं आणि गराईंकडे त्याच्या अंगाला लावायला थेंबभर तेल नव्हतं.

मालगाडीच्या शेजारच्या डब्याखाली एक बाई तीन मुलांना घेऊन बसली होती. विड्या वळून वळून तिची बोटं काळी पडली होती. तिनं आपलं गाठोडं सोडलं, चाचपलं आणि खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली काढली. तळाशी दोन बोटं तेल होतं.

"घ्या," ती म्हणाली. "रोशेनारा नाव माझं. मुलांच्या छातीला लावायला ठेवलं होतं."

"मग मुलांना राहू दे," परितोष म्हणाला.

"मग ही मूल नाही, म्हातारी आहे का," बाई म्हणाली आणि तिनं बूच काढलं.

परक्याचं तेल वास घेतल्याशिवाय, जिभेला लावल्याशिवाय भवतोषनं आजवर कधी घेतलं नव्हतं. बाजारात त्याबद्दल त्याची थट्टा होत असे. आता त्यानं नुसता तळहात पुढे केला, कोपरापर्यंत मळलेला, छिन्नीनं सोललेला. बाईनं त्यावर थोडं ओतलं. त्यानं दोन्ही हात एकमेकांवर घासून घासून गरम केले, लुंगीची घडी उलगडली आणि नातीचं एक पाऊल अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरलं. ते पाऊल निळसर होतं. तो चोळत राहिला आणि सुलेखा, निभा, परितोष, ती विडीवाली बाई, सगळे वाकून बघत राहिले, तोवर आधी टाच आणि मग एकेक बोट लाल होत गेलं.